पहिले पाचशे बारा बाइट



फ्लॉपी तबकडी व्यवहारातून गेली. साडेतीन इंची फ्लॉपीचे उत्पादन सोनी कंपनीनेही २०११ साली थांबविले. मग संगणक सुरू करू शकेल अशी फ्लॉपी कशी तयार करीत, याची चर्चा आज कशासाठी, असे आपण विचाराल. कारण असे की, ग्रंथालयांच्या आणि कचेऱ्यांच्या कपाटांत अशा तबकड्या अजून पडून आहेत, आणि त्यांची नक्कल करताना त्यांचा एक मोलाचा भाग सहज मागे राहून जातो. तो भाग कोणता, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम मूळ अडचण पाहू. संगणक चालविणारी कार्यप्रणाली तबकडीवर लिहिलेली असते. आणि तबकडीवरील फाइल शोधायची कशी, हे तर त्या कार्यप्रणालीलाच ठाऊक असते. पेटीची किल्ली पेटीतच राहून जावी, तसा हा प्रकार आहे. आयबीएमने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी आणली तीच मुळी सिस्टिम/३७० मालिकेतील यंत्रांना त्यांची अंतर्गत आज्ञावली पुरविण्यासाठी. लोकांची कागदपत्रे साठविण्याचे काम तिच्याकडे पुढे आले.

आयबीएमच्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकाने हा पेच एका साध्या संकेताने सोडविला. वीज मिळताच यंत्राच्या कायम स्मृतीतील आज्ञावली फ्लॉपीचा फक्त पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, वाचीत असे. ते ३१,७४४ ह्या ठरलेल्या स्मृतिस्थानी ठेवून सारा कारभार त्यांच्या स्वाधीन करीत असे. ते कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, याची चौकशी नाही. पुढील काळातील अनेक यंत्रे शेवटचे दोन बाइट ८५ आणि १७० आहेत ना, एवढे मात्र पाहत. ह्या पहिल्या सेक्टरलाच ‘बूट सेक्टर’ म्हणतात. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० मार्ग आणि प्रत्येक मार्गावर १८ सेक्टर, असे एकूण २,८८० सेक्टर होतात. त्यांतील हा एक.

उरलेल्या जागेची मांडणी निरनिराळ्या फाइल-व्यवस्था निरनिराळ्या रीतीने करतात. डॉसच्या फॅट व्यवस्थेत ह्या मांडणीची मापे बूट सेक्टरमध्येच लिहिलेली असतात. आरंभीची आज्ञा, नाव व मापे यांना साधारणतः ६२ बाइट आणि अखेरच्या खुणेला दोन बाइट लागतात. कार्यक्रमासाठी उरतात ते ४४८. तेवढ्यात त्याने डॉसची पहिली फाइल शोधून स्मृतीत आणावयाची! म्हणूनच अशा तबकडीवर दुसरा बूट सेक्टर लिहिताना जुनी मापे जपावी लागतात. ती पुसली तर फाइली जागेवर असूनही सापडत नाहीत. याउलट अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या १९८७ सालच्या मिनिक्सची फाइल-व्यवस्था, तसेच लिनक्सची एक्स्ट-२ व्यवस्था, पहिले १,०२४ बाइट बूट कार्यक्रमासाठी मोकळे सोडून आपले वर्णन त्यापुढे लिहितात. लिनक्सच्या आरंभीच्या काळात तर त्याच्या गाभ्याच्या अग्रभागीच बूट सेक्टर असे. तो गाभा कोणत्याही फाइल-व्यवस्थेवाचून थेट तबकडीवर उतरविला, तरी यंत्र सुरू होई.

ह्या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे. बूट सेक्टर कोणत्याही फाइलीत नसतो आणि फाइलींच्या यादीत दिसत नाही. डॉसमध्ये ‘कॉपी’ ही आज्ञा फाइली नेत असे, बूट सेक्टर नेत नसे. त्यासाठी ‘सिस’ ही आज्ञा वापरावी लागे, किंवा ‘डिस्ककॉपी’ने सबंध तबकडीच उतरवून घ्यावी लागे.

न दिसणाऱ्या जागेचे मोल इतरांनीही ओळखले. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू बूट सेक्टरमध्येच ठाण मांडून बसे. मूळ सेक्टर तो अन्यत्र हलवी, ती जागा खराब म्हणून नोंदवी, आणि कोणी बूट सेक्टर पाहू लागल्यास मूळ प्रत पुढे करी. केवळ पत्रे साठविलेली फ्लॉपी यंत्रात विसरली, तरी अशा विषाणूचा शिरकाव होऊ शके. कारण ‘ही कार्यप्रणालीची तबकडी नव्हे’ हा परिचित संदेशसुद्धा बूट सेक्टरमधील कार्यक्रमच दाखवीत असे. म्हणजे संदेश दिसेपर्यंत कारभार त्याच्या हाती गेलेलाच असे.

तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या असतील, त्यांना माझी विनंती आहे. प्रथम लेखनबंदीची खिट्टी सरकवून तबकडी सुरक्षित करावी. मग फाइली निवडीत न बसता पहिल्यापासून अखेरपर्यंत सर्व सेक्टर क्रमाने वाचून त्यांची एकच प्रतिमा-फाइल करावी, १.४४ मेगाबाइटच्या तबकडीची ती बरोबर १४,७४,५६० बाइटांची भरली पाहिजे. असे केल्यास आतील फाइल-व्यवस्था आपल्या ओळखीची नसली तरी काही बिघडत नाही. ग्रंथाची पाने जपणारा त्याचे मुखपृष्ठ फेकून देत नाही. येथे तर मुखपृष्ठावरच ग्रंथ उघडण्याची रीत लिहिलेली आहे.