स्मृती, मेंदू आणि वर्तन



मनाचा शोध विद्यापीठांतील संशोधक आता मेंदूत घेतात. या शोधातील एक महत्त्वाचे पाऊल एका साध्या माणसाच्या दुर्दैवामुळे पडले.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९२६ साली जन्मलेल्या हेन्री मोलेसन यांना अपस्माराचे तीव्र झटके येत. कामधंदा अशक्य झाला. १९५३ साली हार्टफर्ड येथील शल्यविशारद डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूचा, दोन्ही कानशिलांच्या आतील बाजूचा, काही भाग काढून टाकला. 'हिप्पोकॅम्पस' या अवयवाचा बराचसा अंश त्यात गेला. झटके कमी झाले. परंतु नवी आठवण टिकेनाशी झाली. बुद्धी शाबूत, भाषा शाबूत, बालपणही आठवे. मात्र नुकताच भेटलेला मनुष्य खोलीबाहेर जाऊन परतला की अनोळखी.

कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठाच्या डॉ. ब्रेंडा मिल्नर मॉन्ट्रियलहून आगगाडीने येऊन त्यांना तपासू लागल्या. त्यांचा एक प्रयोग सविस्तर सांगण्याजोगा आहे. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी काढलेली. हात आणि कागद केवळ आरशात दिसावेत अशी व्यवस्था. दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. आरशात दिशा उलटते, म्हणून कोणाचाही हात प्रथम अडखळतो, हेन्रींचाही अडखळला. तीन दिवस सराव झाला. तिसऱ्या दिवशी रेघ सफाईने उमटू लागली; पण आपण हे पूर्वी केले आहे, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. हात शिकला होता, माणसाला पत्ता नव्हता. जाणिवेची स्मृती आणि कौशल्याची स्मृती मेंदूत निरनिराळ्या वाटांनी चालतात, हे यातून उघड झाले. (पेढीवर आयुष्य गेलेल्यांना याचे नवल वाटू नये, थान हाती येताच पोत ओळखणारी बोटे कारणे सांगत बसत नाहीत.)

पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या डॉ. सुझान कॉर्किन यांनी चार दशकांहून अधिक काळ त्यांचा अभ्यास केला. हेन्रींचा स्वभाव सौम्य आणि सहकार्यशील राहिला. मात्र स्वतः दिलेली संमती जो विसरतो, त्याची संमती कितपत खरी मानावी, हा प्रश्न नंतर विचारला गेला. तो विचारला जाणे रास्तच होते.

२००८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, हेन्री निवर्तले. तोवर जगाला 'एच. एम.' ही आद्याक्षरेच ठाऊक होती. २००९ साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांच्या मेंदूचे २,४०१ सूक्ष्म छेद घेण्यात आले. ते काम ५३ तास चालले होते.