मला जडलेला 'रोग'

(उत्सवात छंदांवरील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

प्रसाद मिळेपर्यंत नाइलाजाने बसून राहिलेल्या बंधू-भगिनींनो,

माझ्या आधी दोन वक्ते बोन्साय आणि नाणेसंग्रहावर बोलून गेले. माझा छंद सांगायला जरा लाज वाटते. मी रात्री कॉम्प्युटरवर चोर होतो.

आधी एक खुलासा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, तेव्हा आपल्या सोसायटीतल्या एका काकांनी मला लिफ्टमध्ये विचारले, "आता तुझं कसं व्हायचं?" काका, ती बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर. माझ्या खेळात पैसे लावत नाहीत. जाते ती झोप.

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. २००४ च्या नोव्हेंबरात तो अमेरिकेत आला. मी मात्र २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याची जुनी आवृत्ती पुन्हा आली तेव्हा शिरलो, आपल्या गणपतीच्या आदल्याच आठवड्यात. त्या वर्षी मंडपाच्या कामाला मी कमी दिसलो, त्याचे कारण आज कळले असेल. भारतात सर्व्हर नव्हता, म्हणून मी युरोपातल्या लोकांबरोबर खेळायचो. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात मारतहळ्ळीत साडेबारा.

मोठ्या लढाईला चाळीस माणसे लागतात. काही जण ढाल घेऊन राक्षसाचे घाव झेलतात, त्यांना टँक म्हणतात. काही जण जखमा बऱ्या करतात. उरलेल्यांनी नुसते मारायचे. मारणाऱ्यांतला एक प्रकार म्हणजे 'रोग'. आईने हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिने काळजीने विचारले होते, "कसला रोग?" इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा, बदमाश. अंगावर चामड्याचे चिलखत, दोन हातांत दोन खंजीर, पात्यांना विष. अदृश्य होऊन चालता येते, कुलपे उघडता येतात. गावात लोक बंद पेट्या घेऊन मागे लागतात आणि उघडून दिल्या की बक्षिशी देतात. आपल्याकडच्या किल्लीवाल्याची आठवण यावी.

पण याची खरी गंमत थांबण्यात आहे. रोगाकडे शंभर मापे शक्ती असते. पाठीत खंजीर खुपसायला साठ लागतात, आणि दर दोन सेकंदांना वीसच परत मिळतात. म्हणजे एक वार केला की पुढच्यासाठी थांबणे आलेच. शिवाय हा वार समोरून चालत नाही, पाठीमागेच उभे राहावे लागते. वारागणिक गुण साठतात, पाचापर्यंत, आणि ते एकदम खर्चून मोठा घाव घालता येतो. कबड्डीत चढाईला गेलेल्याचा दम असतो ना, तसेच. दम किती उरला हे ज्याला कळत नाही तो पलीकडेच पकडला जातो.

दुसरी अडचण रागाची. जो जास्त मारतो त्याच्यावर राक्षस चिडतो. टँकपेक्षा माझ्यावरचा राग दहा टक्क्यांनी वाढला, की तो टँकला सोडून माझ्याकडे वळणार. माझे चिलखत चामड्याचे. पुढचे सांगायला नको.

हे मला पाठ होते. पण पडद्यावर एक तक्ता असतो, कोणी किती मारले ते दाखवणारा. आपण सगळे इथे नोकरीला आलेली माणसे, वर्षअखेरीच्या मूल्यमापनात पहिला नंबर कसा छळतो हे मी तुम्हाला काय सांगू! मला त्या तक्त्यात वरच राहायचे होते.

डिसेंबर २०१९. ओनिक्सिया नावाची अजस्र काळी ड्रॅगन. तिच्या तोंडासमोर आग, शेपटीशी गेले तर ती फटकारून पिल्लांच्या घरट्यात फेकते, म्हणून आम्ही कुशीला उभे राहतो. मध्येच ती उडते आणि काही वेळाने पुन्हा खाली उतरते. उतरल्यावर टँकने तिला आपल्याकडे ओढेपर्यंत काही सेकंद कोणीही हात लावायचा नाही. मी लावला. तिने मान वळवली ती माझ्याकडे, आणि माझ्यामागे उपचार करणारे उभे होते. पाहता पाहता चाळीसच्या चाळीस आडवे. आमचा टँक डेन्मार्कचा, बस चालवणारा माणूस. हेडफोनमध्ये तो एवढेच म्हणाला, "तीन सेकंद मागितले होते."

सगळे जिवंत होऊन, परत येऊन, पुन्हा तयारी करून लढाई संपायला पहाटेचे चार वाजले.

त्याच सकाळी आई मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने येणार होती. सौ. ऑफिसच्या कामाने चेन्नईला. मी साडेपाचचा गजर लावला होता म्हणे. खेळताना फोन गप्प केलेला, तो तसाच राहिला. मला जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते आणि आईचे अकरा फोन येऊन गेले होते. सिटी स्टेशनवर पोहोचलो तर एकाहत्तर वर्षांची माझी आई फलाटावर बॅगेवर बसलेली, पदरात चकल्यांचा डबा धरून. काही बोलली नाही. टॅक्सीत फक्त म्हणाली, "बरा आहेस ना? मला वाटलं काही झालं तुला."

त्या रात्री तिने खुर्ची ओढली आणि माझ्या मागे येऊन बसली. "दाखव, काय असतं ते." मी दाखवले.

"हा मागूनच का मारतो रे? चोर आहे का?"

मी उसळलो. म्हटले, आई, शाहिस्तेखानावर छापा कसा घातला? ५ एप्रिल १६६३, लाल महाल, रात्रीची वेळ, मूठभर माणसे. समोरून लढले असते तर जमले असते का?

आई शांतपणे म्हणाली, "बरोबर. पण महाराज बोटं छाटून लगेच माघारी फिरले ना? उजाडेपर्यंत तिथंच नव्हते बसले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. दोन आठवडे मला त्या चाळिसांत घेतलेच नाही, तेही योग्यच. नंतर मी फक्त शनिवारी खेळायचे ठरवले, आणि साडेतीनला उठायचे, लढाई कुठवरही असो. माझ्या जागी यायला एक पोलिश मुलगा तयार असतो. तक्त्यात मी आता सातवा-आठवा असतो.

ओनिक्सिया पुढे पुष्कळदा पडली. ती खाली उतरली की मी खंजीर आवरतो, मनात सावकाश दोनदा "गणपती बाप्पा मोरया" म्हणतो, आणि मगच पहिला वार करतो. बरोबर तीन सेकंद होतात. डेन्मार्कच्या त्या बसवाल्याने एकदा विचारले, तू इतका नेमका कसा थांबतोस? मी त्याला ते शब्द शिकवले. त्याला 'मोरया' जमते, 'बाप्पा' अजून नीट येत नाही.