लिनक्स यंत्रावर पॅकेज बसवितांना
लिनक्सचा गाभा लायनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें त्याचीं अनेक घराणीं झालीं. डेबियन व उबुंटू यांचें पॅकेज 'डेब', तर फेडोराचें 'आरपीएम'. शिवाय प्रोसेसर इंटेल-एएमडी जातीचा कीं एआरएम जातीचा, हेंही आधीं पाहावें लागतें.

डेबियनवर 'डीपीकेजी' केवळ हातांतलें पॅकेज बसवितें. त्यास लागणारीं इतर पॅकेजें शोधून आणण्याचें काम 'एपीटी'चें. तें घराण्याच्या भांडाराची सहीही तपासतें. म्हणून पहिला मान भांडाराचा. बाहेरचें पॅकेज 'सुडो' लावून बसविणें म्हणजे अनोळखी पाहुण्याच्या हातीं घरच्या साऱ्या किल्ल्या देणें होय. किल्ल्या देण्यापूर्वीं त्याचें नांवगांव विचारणें, हेंच शहाणपण.