पेशी-संवर्धन आणि लेसरचा प्रकाश



दुधात आंबटाचा एक थेंब पडला तरी भांडेभर दूध नासते. प्रयोगशाळेत वाढविल्या जाणाऱ्या पेशींचेही तसेच आहे. शरीरातून काढलेल्या पेशी पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअस तपमानात वाढवितात; यास पेशी-संवर्धन म्हणतात. तोच द्रव व तीच ऊब जंतूंनाही मानवते. पेशींची संख्या दुप्पट होण्यास साधारणतः एक दिवस लागतो. काही जंतूंना वीस मिनिटे पुरतात.

दूषित संवर्धन दाबाखालील वाफेने निर्जंतुक करून टाकून द्यावे, असा रूढ नियम आहे. परंतु प्रत्येक वेळी ते परवडत नाही. १९८३ साली अमेरिकेत जवळजवळ सर्वांगाने भाजलेल्या दोन भावांना, त्यांच्याच त्वचेच्या लहान तुकड्यांपासून वाढविलेली त्वचा लावण्यात आली व ते वाचले. अशी त्वचा वाढण्यास काही आठवडे लागतात. ती मध्येच दूषित झाली, तर तेवढा अवधी रुग्णाने पुन्हा कोठून आणावा?

प्रतिजैविके सर्वत्र चालत नाहीत. पेनिसिलीन जंतूंच्या पेशीभित्तिकेच्या घडणीत बाधा आणते. मायकोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जंतूस ती भित्तिकाच नसते. त्याने द्रव सहसा गढूळही होत नाही. त्यामुळे तो दीर्घकाळ लपून राहतो.

येथे प्रकाशाचा उपयोग सुचतो. १९०० साली म्युनिक येथील ऑस्कर राब यांनी प्रसिद्ध केले की, अॅक्रिडीन या रंगद्रव्याच्या द्रावणातील सूक्ष्म जीव अंधारापेक्षा उजेडात फार लवकर मरतात. रंगद्रव्य प्रकाश शोषून ती ऊर्जा प्राणवायूस देते. हा उत्तेजित प्राणवायू जवळच्या जंतूच्या आवरणाचा नाश करतो. १९६० साली लेसरचा शोध लागला. त्याचा प्रकाश एकाच रंगाचा असल्यामुळे रंगद्रव्य जो शोषील नेमका तोच निवडता येतो. मेथिलीन ब्ल्यूसाठी तो सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश होय. धनभारित रंगद्रव्ये जंतूंच्या ऋणभारित पृष्ठभागास लवकर चिकटतात. म्हणून मात्रा व वेळ सांभाळल्यास पेशींच्या आधी जंतू मरावेत, अशी अपेक्षा असते.

मात्र मात्रा थोडी वाढली तर पेशीही दगावतात आणि पेशीच्या आत शिरलेला जंतू सहज सापडत नाही. म्हणून ही रीत अद्याप नित्याच्या व्यवहारात रुळलेली नाही. धुतलेले हात, गाळलेली हवा आणि संवर्धनाची वेळोवेळी तपासणी यांवरच प्रयोगशाळेची भिस्त आहे. लेसरची गरज भासू नये, इतकी दक्षता आरंभापासून पाळणे हेच श्रेयस्कर होय.