घरची बाभूळ, परघरची बाभूळ



धुऱ्यावरची वेडी बाभूळ आपण मागितली नव्हती, ती अमेरिकेची. आज दुसरीची गोष्ट सांगतो.

गोल्डन वॅटल हे बाभळीच्या गोतातलं झुडूप आग्नेय ऑस्ट्रेलियाचं. निलगिरीच्या विरळ रानात वाढतं. तुरीसारख्या मुळांवर गाठी; नत्र हवेतलं, पोत्याचा खर्च नाही! बी मुंग्या मातीत नेतात, वणवा येऊन गेला की रुजतं. १९८८ साली ते तिथलं राष्ट्रीय फूल ठरलं.

तेच दक्षिण आफ्रिकेत नेऊन लावलं. तिथं त्याला खाणारी कीड नव्हती. बी बेसुमार पडलं, झुडूप रानात माजलं. शेवटी ऑस्ट्रेलियातूनच एक बारीक गांधीलमाशी आणावी लागली. ती कळीत अंडी घालते, कळीची गाठ होते, शेंग धरत नाही.

फुकट रोपं वाटायला कोणी आलं, तर आधी विचारा: हिला हिच्या घरी खातं कोण?