‘बनावट’ कोण ठरवतो?
(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कायदे कडक करण्याच्या मागणीआधी शब्द येतात. ‘बौद्धिक संपदेचे संरक्षण’, ‘चाचेगिरीला आळा’, ‘बनावट मालाविरुद्ध मोहीम’ हे शब्द कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनात निकाल लागलेला असतो. संपदा म्हटली की तिला हात लावणारा चोर ठरतो. वास्तविक पेटंट म्हणजे राज्यसंस्थेने ठराविक मुदतीसाठी बहाल केलेली मक्तेदारी होय. शेतकऱ्याची बैलजोडी चोरीस गेली तर त्याचा नांगर थांबतो. औषधाची कृती दुसऱ्याने वापरली तर मूळ कंपनीची कृती नाहीशी होत नाही. धोक्यात येतो तो तिचा मक्तेदारी नफा.

या शब्दच्छलाचे परिणाम डिसेंबर २००८ मध्ये दिसले. भारतातून ब्राझीलकडे निघालेले लोसार्टान हे रक्तदाबावरील औषध नेदरलँड्सच्या जकात अधिकाऱ्यांनी वाटेत अडवले. त्यावर भारतात पेटंट नव्हते, ब्राझीलमध्येही नव्हते. औषधात भेसळ नव्हती. परंतु युरोपीय नियमाने नकली माल आणि पेटंटचा वाद एकाच दावणीला बांधले होते. माल अखेर भारतात परत आला. मे २०१० मध्ये भारत व ब्राझील यांना जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करावी लागली. केनियाच्या २००८ च्या कायद्यात तर ‘बनावट’ची व्याख्या इतकी सैल होती की स्वस्त जेनेरिक औषधेही तीत ओढली गेली असती. एचआयव्हीबाधित नागरिक न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा औषधाचा हक्क मान्य केला.

भारतात १९७० च्या कायद्याने औषधावरील पेटंट नाकारले, केवळ प्रक्रियेवरील पेटंट ठेवले. त्यातूनच देशी औषधउद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये औषधावरील पेटंट परतले; परंतु डाव्या पक्षांच्या दबावामुळे कलम ३(ड) अधिक कणखर झाले. त्याच आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा कर्करोगावरील ग्लिव्हेकचा दावा फेटाळला. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, देशातील पहिल्या सक्तीच्या परवान्याने सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आणला.

येथेही शब्द पाहावेत. लोकहितासाठी दिलेला परवाना ‘सक्तीचा’, आणि कंपनीच्या मर्जीने, तिच्या अटींवर दिलेला ‘ऐच्छिक’! २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन करारात औषधे उपलब्ध करून देण्यासाठी हाच ‘ऐच्छिक’ मार्ग श्रेयस्कर म्हटला आहे. रुग्णाच्या इच्छेला त्यात स्थान नाही. मार्च २०२४ च्या नियमांनी पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेण्यावरही शुल्क बसवले. त्याचा भार रुग्णसंघटनांवरच पडतो.

म्हणून युनियनमध्ये, दवाखान्याच्या दारात, सभेत ‘बनावट’ हा शब्द आला की पक्षसभासदांनी प्रथम विचारले पाहिजे: औषध खोटे आहे, की केवळ स्वस्त? भेसळ करणाऱ्याला कठोर शिक्षा व्हावी, ही कामगारवर्गाचीच मागणी आहे. तिच्या आडून मक्तेदारी मजबूत करू देता कामा नये.