जळक्या तेलाची चोरी आणि अडकलेली गाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून आपणांपैकी काहीजणींना हसू येईल. सोने चोरतात, सायकल चोरतात, पण पुऱ्या तळून काळे पडलेले तेल कोण चोरील? मीही असेच म्हणत होते. कॅलिफोर्नियात माझ्या धाकट्या जावेचे लहानसे उपाहारगृह आहे. तेथे सहा महिने राहून गल्ल्यावर बसले, तेव्हा मला या प्रकाराची ओळख झाली.

तेथे तळणाचे तेल मोरीत ओतता येत नाही. ते थिजून गटारे तुंबतात. म्हणून मागच्या अंगणात झाकणाचे मोठे पिंप असते. ठरलेल्या दिवशी कंत्राटदाराची गाडी येते, पंपाने तेल ओढून नेते आणि त्याचे पैसेही देते. गाळून, शुद्ध करून या तेलाचे डिझेल इंजिनात चालणारे इंधन होते. ही कल्पना काही आजची नव्हे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. पुढे २००५ व २००७ साली अमेरिकन सरकारने इंधनात जैवइंधन मिसळण्याचे कायदे केले आणि टाकाऊ तेलाला मोल आले. जेथे मोल येते तेथे चोर येतो, हे आपण जाणतोच.

आमच्याकडे दोनदा असे झाले. कंत्राटदाराचा माणूस आला, झाकण उघडून पाहतो तो पिंप कोरडे. कुलूप तोडलेले आणि जमिनीवर तेलाचा राडा. जावेचे पैसे तर गेलेच, शिवाय अंगण धुवायला मुलगा लावावा लागला. मोठ्या हॉटेलवाल्याला ही नड जाणवत नाही. पण जिच्या धंद्यात महिन्याचा हिशेब काटेकोर जुळवावा लागतो, तिला ती चांगलीच जाणवते.

आता कायद्याकडे वळते. कॅलिफोर्नियात असे तेल वाहणाऱ्याला सरकारच्या अन्न व शेती खात्याकडे नोंदणी करावी लागते. तेल चोरणे, त्यात भेसळ करणे, पिंपाची नासधूस करणे, हे सारे गुन्हे आहेत. तरी चोऱ्या थांबेनात. म्हणून २०१४ साली नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून तो अमलात आला. त्याने दंड वाढविला आणि चोरीत वापरलेली गाडी पंधरा दिवसांपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना दिला.

गाडीच का? मी जावेला हेच विचारले. ती म्हणाली, "ताई, दंड तो दोन रात्रींत भरून काढील. पण गाडी अडकली की त्याचा धंदाच बसला." मला ते पटले. दागिना पदरात लपवून नेता येतो, शेकडो लिटर तेल नेता येत नाही. त्याला टाकी हवी, पंप हवा, ट्रक हवा. गाडी हेच या चोराचे खरे हत्यार आहे.

तथापि माझ्या मनात एक शंका राहिलीच. रात्री गाडी हाकणारा बहुधा रोजंदारीचा माणूस असावा. गाडी एकाची, तेल विकत घेणारा दुसराच. पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर याची चूल बंद, आणि घेणारा मात्र नामानिराळा! तेथे गाडीच्या मालकाला सुनावणी मागता येते, ही चांगली सोय आहे. परंतु चोरीचा माल बिनदिक्कत विकत घेणाऱ्यापर्यंत हात पोहोचेल तेव्हाच मुळावर घाव बसेल, असे माझे मत आहे. गाडी अडकवणे हा उपाय योग्य, पण अपुरा.

भगिनींनो, हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे हेच तेल पैशांहून मोठी वस्तू हिरावून नेते, ती म्हणजे आरोग्य. मोठ्या भटारखान्यातले जळके तेल स्वस्तात विकले जाते आणि पुन्हा कोणाच्या तरी कढईत चढते. १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात नियम आहे की, तेलातील अपायकारक ध्रुवीय घटक शेकडा २५ च्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये. रोज पन्नास लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संस्थेलाच द्यावयाचे आहे. त्याच वर्षी अशा तेलापासून इंधन करण्याची सरकारी योजनाही सुरू झाली.

नियम कागदावर आहे, तो कढईपर्यंत आपणच न्यायचा. लग्नकार्याला आचारी ठरविताना दराबरोबर एवढेही विचारा : "उरलेले तेल कुठे जाते?" आणि दिवाळीच्या फराळानंतर मंडळाने एक डबा ठेवावा, घरोघरचे तळणाचे तेल त्यात जमवावे आणि अधिकृत माणसाच्या स्वाधीन करावे, अशी माझी सूचना आहे. कार्यकारिणीने तिचा विचार करावा, एवढी विनंती आहे.